शहरातले बिऱ्हाड मुदतीआधी सोडताना

वाशीचा बाजार ठाऊक नाही असा शेतकरी आपल्याकडे विरळाच. कांद्याची, बटाट्याची, हापूसची, भाजीपाल्याची पट्टी तिथूनच येते. मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार एकेक करून खाडीपलीकडे हलवले, त्याला आता कित्येक वर्षे झाली. त्या बाजारात पाठीवर पोती वाहणारे माथाडी कामगारही आपल्याच सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतले. कै. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले, १९६९ साली माथाडी कायदा झाला, आणि पुढे तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली या भागांत आपल्या गावाकडच्या माणसांची घरे झाली.

आता माल ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने आपली मुलेही जातात. कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात, कुणी ऐरोलीला संगणकाच्या कंपनीत, कुणाची लेक नेरुळला नर्सिंगला. नोकरी लागली की पहिले काम खोली शोधण्याचे. त्या वेळी सारे घर धावते. अनामतीसाठी गाभण गाय विकली जाते, नाहीतर कांद्याची पट्टी तशीच्या तशी मालकाच्या हाती जाते. पण हीच खोली मुदतीआधी सोडायची पाळी आली तर काय करायचे, हा विचार कुणाच्या मनाला शिवत नाही. वाचकहो, आमच्याही मनाला तो शिवला नव्हता. त्याची किंमत आम्ही मोजता मोजता वाचलो, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या घरी घडले ते

आम्ही पाटण तालुक्यातले. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा दोन वर्षांपूर्वी कोपरखैरण्याला नोकरीवर रुजू झाला. नुकतेच लग्न झालेले, तेव्हा सूनबाईही बरोबर गेली. एक खोली आणि स्वयंपाकघर असे घर मिळाले. भाडे महिना १२,००० रुपये आणि अनामत ५०,००० रुपये. करार १ जूनपासून ११ महिन्यांचा. दलालाने कागद पुढे केले, पुतण्याने यंत्रावर अंगठा ठेवला, आणि संसार सुरू झाला. कागदात काय लिहिले आहे ते ना त्याने वाचले, ना आम्ही विचारले.

ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी तोंडावर आली असताना बैल बुजला आणि भाऊ बांधावरून खाली पडला. मांडीचे हाड मोडले. कराडला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले, चार महिने पाय टेकायचा नाही. घरी वहिनी एकटी, दावणीला चार जनावरे, शेतात उभे पीक. पुतण्याने नोकरीचा राजीनामा दिला, १६ तारखेला टेम्पो केला, मालकांना फोनवर "आम्ही चाललो" एवढे सांगितले, किल्ली रखवालदाराकडे दिली आणि गाव गाठले.

आठ दिवसांनी अनामतीसाठी फोन केला तेव्हा मालकांनी हिशेब ऐकवला. करारात पहिले 6 महिने घर सोडायचे नाही अशी अट होती, म्हणून नोव्हेंबरचे भाडे १२,००० कापणार. एक महिना आधी लेखी नोटीस दिली नाही, म्हणून आणखी १२,०००. रंगाचे ८,०००. विजेचे बिल १,१००. एकूण ३३,१०० वजा जाता १६,९०० रुपये परत मिळतील. इकडे दवाखान्याचे बिल थकलेले. वहिनीने त्या रात्री जेवण केले नाही.

पुतण्या संतापला. "काका, हा सरळ लुटतोय. मी पोलिसांत जातो," म्हणाला. मी म्हटले, "आधी कागद आण. भांडण कागद वाचल्यावर."

भाड्याचे घर, पण आपण कूळ नव्हे

तो करार घेऊन मी पाटणच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

शहरात आजकाल घर देतात ते बहुतेक "लीव्ह अँड लायसन्स" या कराराने. त्याचा साधा अर्थ, मालकाने ठराविक मुदतीसाठी राहण्याची दिलेली परवानगी. घरावर आपला हक्क त्याने तयार होत नाही. आपल्या रानात ऊसतोडीच्या टोळीला झोपड्या टाकू देतो, शेजाऱ्याला बांधावरून गाडी नेऊ देतो, तशातला हा प्रकार. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात या परवानगीची व्याख्या आहे.

मालक लोक असे का करतात, हे आपल्याला कुळकायद्यावरून चटकन कळेल. १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणारा जमिनीचा मालक ठरला, आणि तेव्हापासून जमीन दुसऱ्याला कसायला देताना जमीनवाला दहा वेळा विचार करू लागला. शहरात तसेच झाले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. मालकांनी त्यातून वाट काढायला परवानगीचे करार सुरू केले. मग १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन, त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला अशा परवानगीने जे राहत होते त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मालकांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच. कित्येकांनी घरे रिकामी ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत.

पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमाने मालकाला भरवसा दिला की, करार संपला की घर परत मिळेल, आणि मुदतीनंतर अडून बसणाऱ्याला दुप्पट दराने रक्कम मोजावी लागेल. याच कायद्याच्या ५५ व्या कलमाने सांगितले की करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

"११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असे अजूनही कुणी दलाल सांगतो. ती जुनी समजूत आहे. नोंदणी कायद्यात एक वर्षाहून मोठ्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती होती, म्हणून ११ महिन्यांची पद्धत पडली. १९९९ च्या कायद्यानंतर ती पळवाट उरली नाही. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या व्याजावरही पाव टक्का. आमच्या पुतण्याच्या करारावर ते साडेतीनशे रुपयांच्या आसपास येत होते. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. हल्ली घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर नोंदणी होते. जमिनीच्या खरेदीनंतर आपण सूची क्रमांक दोनचा उतारा मागतो, तसा तो याही कराराचा मिळतो. त्याची प्रत आपल्या घरच्या ट्रंकेत असू द्यावी.

तीन अटी, त्यातच सारे

वकील स्नेह्यांनी करारातल्या तीन अटींखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मुदतीआधी बाहेर पडायची वाट या तीन अटींतूनच जाते.

पहिली अट लॉक-इनची, म्हणजे ठराविक काळ कुणी करार मोडायचा नाही ही. ती तीन महिने असेल, सहा असेल, कधी पूर्ण ११ महिने असेल. काही करारांत ती दोघांनाही बांधते, काहींत फक्त राहणाऱ्याला. या काळात घर सोडले तर उरलेल्या काळाचे भाडे मालक मागू शकतो. काही करारांत ही अट नसतेच.

दुसरी अट नोटिशीची. बहुधा एक महिना. लॉक-इन संपले की नोटीस देऊन केव्हाही घर सोडता येते, मग ११ महिने पुरे व्हायची गरज नाही. मात्र नोटीस "लेखी" असे लिहिलेले असते, आणि आपली मुले ती तोंडी देतात.

तिसरी अट अनामतीची. ती केव्हा परत मिळणार, तिच्यातून काय काय कापता येणार, हे तिथे लिहिलेले असते. किल्ली देताना त्याच वेळी अनामत परत, असे लिहिले असेल तर उत्तम.

मग मालकाने कागदावर जो आकडा लिहिला तो सगळाच द्यावा लागतो का? स्नेही म्हणाले, तसे नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम असे सांगते की, करार मोडल्याबद्दल कागदात रक्कम लिहिलेली असली तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि ती त्या रकमेहून जास्त असू शकत नाही. ७३ व्या कलमाचा भाव असा की, ज्याचे नुकसान होते त्यानेही ते कमी करण्याची खटपट करायला हवी. म्हणजे घर पंधरा दिवसांत दुसऱ्याला दिले, तर तीन महिन्यांचे भाडे दोन्हीकडून घेणे न्यायाला धरून नाही. पण हे कोर्टात सिद्ध करायला वेळ आणि पैसा लागतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. तेव्हा कायद्याचे बळ मनात ठेवावे आणि बोलणी गोडीने करावीत, असा त्यांचा सल्ला पडला.

मालकांच्या ओसरीवर

त्याच दिवशी, २४ ऑक्टोबरला, आम्ही रीतसर लेखी नोटीस पाठवली. दिवाळीनंतर पुतण्या, सूनबाई आणि मी कोपरखैरण्याला गेलो. मला वाटले होते, कुणी गलेलठ्ठ शेठ भेटेल. दार उघडले ते साठी ओलांडलेल्या, पांढऱ्या बंडीतल्या माणसाने. भिंतीवर वडिलांचा फोटो, खाली भाताची लोंबी अडकवलेली.

चहा झाल्यावर मी म्हटले, "मालक, पोराचं चुकलं. किल्ली तुमच्या हातात द्यायला पाहिजे होती. पण बाप पडला होता."

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमची शेती आहे ना? आमची पण होती. याच जागेवर भात पिकत होता. सिडकोनं घेतला. आता ही इमारत, आणि तिच्यातल्या चार घरांचं भाडं, हेच आमचं पीक. तुमचा पोरगा उभ्या पिकातून उठून गेला. घर रिकामं राहिलं की आमचं रान पडीक."

वाचकहो, हे ऐकून मी ओशाळलो. नवी मुंबई १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने उभी केली ती ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली. समोरचा माणूस त्याच लढ्यातल्या एका घरचा. त्याने भाड्याच्या हिशेबाला पीक म्हणावे यात नवल ते काय? ऊसतोडीची टोळी उचल घेऊन मध्येच निघून गेली तर आपला जीव कसा जळतो! तसा त्याचाही जळला होता.

तेव्हा मी आवाज चढवला नाही. म्हटले, "तुमचं नुकसान आम्ही भरतो. पण झालं तेवढंच भरतो. घर रिकामं राहू नये म्हणून माणूसही आम्हीच आणतो." आमच्या शेजारच्या गावचा एक माथाडी कामगार घणसोलीला राहतो. त्याच्या ओळखीचे कोरेगावकडचे एक जोडपे घर शोधत होते. मालकांनी त्यांना पाहिले, पसंत केले. १६ नोव्हेंबरपासून त्यांचा करार ठरला.

मग हिशेब नव्याने मांडला. नोव्हेंबरचे अर्धे भाडे ६,००० रुपये. नोटिशीचा महिना लॉक-इनच्या महिन्यातच धरला, कारण एकाच महिन्याचे भाडे दोनदा घेता येत नाही हे मालकांनाही पटले. रंगाचे ८,००० आले तेव्हा सूनबाईने मोबाईल पुढे केला. राहायला गेल्या दिवशी तिने प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि विजेच्या मीटरचा फोटो काढून ठेवला होता. पोपडे आधीचेच निघाले. स्वयंपाकघरात तिने ठोकलेल्या फळीच्या भोकांचे आणि साफसफाईचे मिळून २,००० आम्ही मान्य केले. विजेचे बिल १,१००. एकूण कपात ९,१००. उरलेले ४०,९०० रुपये मालकांनी आमच्या समोर बँकेतून वळते केले. निघताना त्यांनी भावासाठी घरची सुकी मासळी दिली आणि म्हणाले, "पाय बरा झाला की पोराला परत पाठवा."

तुमच्यावर ही वेळ आली तर

प्रत्येक मालक असा भेटेलच असे नाही. म्हणून क्रम नीट लक्षात ठेवा.

सर्वांत आधी करार काढून लॉक-इन, नोटीस आणि अनामत या तीन अटी वाचा. मग मालकाशी स्वतः बोला. कारण खरे सांगा: आजारपण, बदली, नोकरी सुटणे, शिक्षण संपणे. माणूस कारण ऐकतो, बहाणा ऐकत नाही.

बोलणे झाल्यावर त्याच दिवशी लेखी नोटीस द्या. हातात दिली तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. टपालाने पाठवायची तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, कारण जुने रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळून टाकले आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरही तीच नोटीस टाका आणि तो संदेश पुसू नका. पत्र असे लिहावे:

"श्री. …… यांस, स. न. वि. वि. आपले …… येथील घर मी दिनांक …… च्या नोंदणीकृत कराराने घेतले आहे. घरगुती अडचणीमुळे मला ते दिनांक …… रोजी रिकामे करणे भाग आहे. करारातील कलम …… प्रमाणे ही एक महिन्याची लेखी सूचना समजावी. त्या दिवशी घराची पाहणी करून किल्ली ताब्यात घ्यावी व देणी वजा करून अनामत रक्कम रु. …… माझ्या खात्यात जमा करावी, ही विनंती. कळावे."

नोटीस दिल्यावर बदली माणूस शोधा. आपल्या गावच्या मंडळाला, कारखान्यातल्या सोबत्यांना सांगा. मालकाचे घर रिकामे राहिले नाही की निम्मे भांडण तिथेच मिटते. मात्र मालकाच्या संमतीशिवाय कुणालाही परस्पर घरात घुसवू नका. ती परवानगी तुमच्यापुरतीच असते.

"अनामतीतून भाडे कापून घ्या" असे म्हणून शेवटचे भाडे थांबवण्याची खोड पुष्कळांना असते. मालकाने लेखी मान्य केले असेल तरच तसे करा. नाहीतर थकबाकीदार तुम्ही ठरता आणि मालकाची बाजू बळकट होते.

घर सोडताना मालकाला बोलावून सोबत पाहणी करा. मीटरचा आकडा लिहा. महावितरणचे बिल आणि सोसायटीचे देणे चुकते करून पावती घ्या. सोसायटी असेल तर सामान बाहेर काढायला परवानगीची चिठ्ठी लागते, ती दोन दिवस आधी मागा. किल्ली रखवालदाराकडे देऊ नका, मालकाच्याच हाती द्या. आणि एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या की अमुक तारखेला ताबा दिला, करार संपला, एवढी अनामत परत मिळाली, कुणाचे कुणाकडे काही देणे नाही. मुदत पुष्कळ उरली असेल तर करार रद्द केल्याचा कागद नोंदवून घेणे अधिक पक्के.

तिघे-चौघे मित्र मिळून घर घेतात तेव्हा करारात सर्वांची नावे असतात. त्यातला एक निघाला तरी करार चालूच राहतो. त्याने आपला अनामतीचा वाटा उरलेल्यांकडून घ्यावा आणि आपले नाव करारातून कमी झाल्याचे मालकाकडून लिहून घ्यावे. नाहीतर मागे राहिलेल्यांचे थकलेले भाडे त्याच्या गळ्यात पडायचे.

आणखी एक धोक्याची सूचना. "भाडे नको, मोठी अनामत द्या" असे सौदे शहरात होतात. लाखांची रक्कम मालकाकडे जाते आणि तो ती वापरून मोकळा होतो. मुदतीआधी घर सोडायचे म्हटले की तो म्हणतो, नवा माणूस येईल तेव्हा पैसे देईन. जमीन किंवा जनावर विकून आलेला पैसा अशा सौद्यात अडकवू नका. अडकवायचाच झाला तर करार नोंदवा आणि रक्कम बँकेतून द्या.

मालक अनामत देईचना तर? आधी लेखी मागणी करा, पंधरा दिवसांची मुदत द्या. मग वकिलामार्फत नोटीस. त्यानंतर दिवाणी दावा. पैसे मागण्याची मुदत साधारण 3 वर्षांची असते, तेव्हा फार झोपू नका. नवी मुंबईचे ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे नोड ठाणे जिल्ह्यात येतात, आणि खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हे रायगडात. दावा कुठे चालायचा हे त्यावर ठरते. विधी सेवा प्राधिकरणाकडून गरजूंना मोफत वकील मिळतो. स्त्रियांना तर उत्पन्नाची अट नाही. त्यांचा १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. दावा लोकअदालतीत ठेवला तर कमी खर्चात तडजोड होते.

उलट, मालकानेच मुदतीआधी "उद्या निघा" म्हटले तर घाबरून जाऊ नका. करारातली नोटीस त्यालाही लागू आहे. मनास येईल तेव्हा कुलूप लावणे, सामान बाहेर फेकणे याचा अधिकार त्याला नाही. तुमची चूक नसताना मुदतीआधी बाहेर काढले तर भरपाई मागता येते, असे सुविधाधिकार कायद्याचे ६४ वे कलम सांगते.

घेतानाच विचारायचे

बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो, खोड आहे का ते विचारतो. पन्नास हजारांची अनामत देताना मात्र दलालाच्या बोटाकडे पाहून अंगठा ठेवतो. आपल्या घरचे कुणी शहराला निघाले असेल तर त्याला एवढेच सांगा: अंगठ्याआधी करार एक रात्र घरी आण. लॉक-इन तीन महिन्यांहून जास्त असेल तर कमी करायला सांग. नोकरी गेली, घरात मोठे आजारपण आले तर लॉक-इन लागू नाही, अशी ओळ घालून घे. मालक सहसा नाही म्हणत नाहीत, कारण करार होण्याआधी गरज दोघांनाही असते.

आमच्या भावाचा पाय फेब्रुवारीत टेकला. उन्हाळ्यात पुतण्याला पुन्हा नोकरी मिळाली, या वेळी घणसोलीला. खोली पाहायला मीही बरोबर गेलो होतो. दलाल नळाला चोवीस तास पाणी असल्याचे सांगत होता. त्याला मध्येच थांबवून सूनबाईने घरमालकीणबाईंना विचारले, "मावशी, उद्या अडचण आली आणि आम्हाला सोडायचं झालं, तर किती दिवस आधी सांगायचं?" मावशी म्हणाल्या, "महिनाभर आधी सांगा, म्हणजे झालं." पुतण्याने खिशातून पेन काढले आणि म्हणाला, "मग तेवढं कागदात लिहू या." तेवढे लिहून झाल्यावरच त्याने अंगठा ठेवला.